थंड जाळातली द्राक्षं

मी मूळचा अक्षरं पेटवणारा माणूस. मिरजेत माझं निऑनच्या पाट्यांचं दुकान होतं. काचेची नळी ज्योतीवर धरून मऊ करायची, तिला अक्षराचं वळण द्यायचं, आतली हवा ओढून काढायची, गॅस भरायचा आणि वीज जोडायची. नळी पहिल्यांदा पेटायच्या वेळी मी दुकानातले सगळे दिवे मालवायचो. गिऱ्हाईक वैतागायचं, "मिस्त्री, अंधारात काय डोंबल दिसणार?" अहो, अंधारातच दिसतं! कुठं उजेड पातळ पडलाय, कुठं अडखळलाय, ते दिवा लावून कळत नाही. पुढं एलईडी आली, पाट्या स्वस्त आणि भडक झाल्या आणि माझं दुकान मिटलं. त्याचं रडगाणं इथं गाणार नाही. घरी आमच्या बायकोनं, सलमानं, ते इतकं ऐकलंय की मी 'निऑन' म्हणताच ती उठून भाजी चिरायला बसते.

आता मी फळांवर उजेड पाडतो. थट्टा नाही, खरंच सांगतोय. कवठे महांकाळच्या रस्त्याला द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे. बागेतून आलेली द्राक्षं तिथं निवडतात, गार करतात, पेट्यांत भरतात. त्याच्या मागच्या बाजूला बिनखिडकीची एक खोली आहे. त्या खोलीत आमचं मशीन आणि मशीनशेजारी माझं स्टूल.

मशीन लावलं मृणाल मॅडमनी. पुण्याकडची पोर, माझ्या धाकटीच्या वयाची, पण विजेच्या बाबतीत माझ्यापेक्षा चार पावलं पुढं आणि स्वभावानं माझ्याइतकीच चिकट. मशीनमधल्या काचेच्या दांड्या सारख्या तडकायच्या. बाईंना काचेला आणि मोठ्या दाबाच्या विजेला न घाबरणारा माणूस हवा होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी गेलो, दिवे मालवायला लावले आणि आम्ही दोघं अंधारात उभे राहून तडा शोधत बसलो. तो सापडला त्यांनाच, मी आपला शेजारी मान हलवत होतो. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "दिवे मालवा असं सांगणारे तुम्ही पहिलेच."

काम काय चालतं ते साध्या शब्दांत सांगतो. ट्यूबलाइट पेटते तेव्हा तिच्या पोटात गॅस असतो आणि वीज त्या गॅसला चेतवते. असा चेतवलेला गॅस म्हणजे प्लाझ्मा. वेल्डिंगचा प्लाझ्मा लोखंड कापतो. आमचा थंड असतो, एवढा थंड की खालून गेलेलं द्राक्ष कोमटसुद्धा होत नाही. आडवं कपाट असावं तसलं मशीन. खालून पट्टा सरकतो, पट्ट्यावर द्राक्षांचे घड. वर काचेत बंद केलेल्या दांड्या, त्यांच्याखाली जांभळा उजेड. त्या उजेडात आम्ही खायला चालणारं झाडाचं मेण आणि गवती चहाचं थोडंसं तेल यांची वाफेसारखी बारीक फवार सोडतो. उजेडातून जाताना ती फवार मोडते, पुन्हा जुळते आणि द्राक्षाच्या सालीवर इतका पातळ पापुद्रा धरते की डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. द्राक्षाला स्वतःचं पांढुरकं मेण असतं. त्यावर नुसतं काही फवारलं तर थेंब घरंगळून जातात. उजेडानं साल जरा जागी होते म्हणा, म्हणून पापुद्रा धरतो. मग आतलं पाणी लवकर उडत नाही, बुरशीला पाय ठेवायला जागा मिळत नाही, देठ हिरवा राहतो. द्राक्ष आधी देठाकडून म्हातारं होतं, हे मला इथं आल्यावर कळलं.

खोलीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास असतो आणि त्याला गवती चहाची कड. वास वर ओढून घेणारा पंखा अखंड चालतो. मी दिवे मालवून बसतो. भर दुपारी बाहेर पेट्या आदळतायत, बायकांचा गलका चाललाय आणि आत माझ्यासमोरून जांभळ्या उजेडात एकेक घड सरकत जातोय. हिरवे मणी आतून निळसर दिसतात, त्यांतल्या बियासुद्धा दिसल्यासारख्या वाटतात, आणि ही जात बिनबियांची बरं का! झोप नसते आणि धड जागेपणही नसतं. कधी वाटतं, मी वाकवलेली सगळी अक्षरं विरघळून मणी झाली आणि आता माझ्यापुढून चालली आहेत. कुणाचं हॉटेल, कुणाचं कापडाचं दुकान, कुणाचा दवाखाना. मॅडम दार उघडून म्हणतात, "याकूबभाई, जागे आहात ना?" मी म्हणतो, "आहे की." खरं-खोटं मलाच ठाऊक नसतं.

अजून सगळा मामला प्रयोगाचाच आहे. प्रयोगाची फळं बाजारात जात नाहीत. आम्हीच ती ठेवून बघतो आणि शेवटी आम्हीच खातो. पण बातमी फुटायची ती फुटलीच. महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला स्ट्रॉबेरी घेऊन आला, काचेतून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "फळ राहू द्या, हा रंग फळावर टिकेल का? गिऱ्हाईक खुळं होईल!" एक भेळवाला पुऱ्या घेऊन आला. शिराळ्याच्या एका गृहस्थांना लग्नातला फेटा टिकवायचा होता. सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

स्ट्रॉबेरीनं मात्र आमची खोड मोडली. तिला साल म्हणावी अशी सालच नाही. पापुद्रा दाट बसला. फळ लालभडक राहिलं, पण वास गेला. महाबळेश्वरकडच्या ज्या शेतकऱ्यानं विश्वासानं करंडी दिली होती, त्यानं एक फळ नाकाशी धरलं, पुन्हा धरलं आणि हळूच खाली ठेवलं. बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पण मला सांगायचंय ते अक्काताईंचं.

अक्काताई म्हणजे जवळच्याच गावच्या बागायतदारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, बाग त्याच बघतात. एकुलता मुलगा संदीप फौजेत, सध्या वर बर्फाळ सरहद्दीवर. त्यांचा माल आमच्या पॅकहाऊसला येतो म्हणून तोंडओळख होती. एक दिवस त्या कडेवर पोर घ्यावं तशी एक पेटी घेऊन सरळ आमच्या खोलीच्या दारात आल्या.

"मिस्त्री, ह्येच्यावर तुमचा उजेड पाडून द्या. संदूला धाडायची हाय."

मी म्हटलं, "अक्का, हे एका पेटीसाठी चालू करत नाहीत. आणि नुसती पाठवली तरी..."

"नुसती धाडून बघितली की! दर साली धाडती. कवा कुरेर, कवा कुनाच्या हातनं." मग त्या स्टुलावर बसल्या. माझ्याच. "आन दर साली त्यो फोनवर म्हनतो, पोचली आई, लय ग्वाड हुती. गेल्या साली काय झालं सांगू? त्येची जागा बदललेली, पेटी फिरून माझ्या दारात आली. निस्ता काला झालेला, मुंग्या लागलेल्या. आन त्याच सांजंला ह्येचा फोन. पोचली आई, लय ग्वाड हुती!"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"हसू नगा, मिस्त्री. पोरगं माझ्यासाठीच खोटं बोलतंय, एवढं कळतंय मला. पर मग बाकीचं काय? त्यो जे काय सांगतो त्यातलं खरं किती? एवढ्या लांबनं दुसरं काय येतंय माझ्याकडं? त्येचं बोलनंच येतंय. एक डाव खरीखुरी द्राक्षं त्येच्या हातात पडू द्या, मग तरी खरं बोलंल."

मॅडम दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी आपल्या पद्धतीनं तोडगा काढला. लांबच्या प्रवासात, गारठ्यात पापुद्रा कसा टिकतो हे आम्हालाही बघायचंच होतं. म्हणाल्या, "करू. पण माल पोचल्यावर मी मुलाला प्रश्न विचारणार, आणि ही द्राक्षं विकायची नाहीत. चालेल?" एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली, की पापुद्रा थंडीपासून वाचवत नाही. गोठली तर गोठली. अक्काताई म्हणाल्या, "ते त्येच्या नशिबावर."

शेजारच्या गावचा विकास संदीपच्याच पलटणीतला. रजेवर आलेला आणि परत निघायच्या तयारीत. पेटी मांडीवर घेऊन जाईन म्हणाला.

मशीन चालू करायच्या आधी अक्काताईंनी मला विचारलं, आत नेमकं काय आहे. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "जाळच आहे समजा अक्का, पण थंड." झालं! त्या म्हणाल्या, "जाळ हाय व्हय?" आणि पेटी घेऊन जरा बाहेर गेल्या. परत आल्या त्या प्रसन्न चेहऱ्यानं. पेटी त्यांनी स्वतःच्या हातानं पट्ट्यावर ठेवली. घडांखालचा कागद काढू दिला नाही. मणी चुरगळतील म्हणाल्या. आम्हीही म्हटलं, असू दे.

मी दिवे मालवले. जांभळा उजेड नीट, एकसारखा भरून आला. पेटी त्याच्याखाली सरकली, आणि उजेडात एकदम पिवळा डाग उमटला. मग दुसरा. मग तडतड आवाज होऊन पिवळ्या ठिणग्याच नाचायला लागल्या. गॅसवर डाळ उतू गेली की ज्योत पिवळी होते ना, अगदी तो रंग. मॅडमनी बटण दाबून सगळं बंद केलं. दिवे लावून बघतो तर एक काच गेलेली आणि वरच्या घडांच्या मण्यांवर करपलेले ठिपके.

"मीठ!" मॅडम म्हणाल्या. "असा पिवळा मिठाचाच. पण मीठ आलं कुठून?"

मी कागद उचलला. कागदाच्या घडीत मूठभर खडेमीठ, मोहऱ्या आणि देठासकट लाल मिरच्या.

अक्काताई म्हणाल्या, "दृष्ट काढली. एवढ्या लांब चालल्यात, रस्त्यात किती जनांची नदर पडंल. ती जाळात टाकाय नगो व्हय? तुमच्या दारात गॅसच्या टाक्या, बाहेर काडी वढू देईना वाचमन. आन तुमीच म्हनला की आत जाळ हाय!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघायला लागलो. थंड जाळ म्हणे! बोलायला गोड, पण आता काच कोण बसवणार? अक्काताईंनी करपलेला एक मणी हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "माझ्याच हातनं घालवली मी," एवढंच म्हणाल्या. मला भयंकर वाईट वाटलं. मुलासाठी त्या बाईनं जे जे करता येईल ते सगळं केलं होतं, आणि त्यातलं एकही वेडेपणाचं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "काच बदलते मी. विकास जायच्या आधी दुसरी पेटी आणा. दृष्ट काढायची तर घरी चुलीपाशी काढा. खुशाल काढा." मला हे फार आवडलं. उगाच विज्ञानाचं भाषण नाही, काही नाही.

दुसऱ्या खेपेला अक्काताई पेटी घेऊन आल्या तेव्हा मॅडमनी नेहमीप्रमाणे एक मणी पिळून साखर मोजली आणि भुवया वर केल्या. "अक्का, ही तयार नाहीत. आंबट आहेत."

"ठावं हाय की. उशिरा छाटनी केलेल्या बाजूची हायती. मुद्दाम आनल्यात."

मी एक मणी तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"मागल्या खेपंला चुकलंच माझं," अक्काताई म्हणाल्या. "ग्वाड धाडली असती आन त्यो ग्वाड म्हनला असता, तर मला काय कळलं असतं? आता ह्यी आंबट ढाण. पोचली न्हाईत, नासली, तर त्यो ग्वाडच म्हनंल. पोचली, खाल्ली, आन खरं बोलला, तर आंबट म्हनंल. बगूया."

मला कौतुकही वाटलं आणि धास्तीही. आई पोराची परीक्षा घेत होती, पण नापास झालं तर दुखणार होतं तिलाच. मी म्हटलं, "अक्का, आणि सगळं पोचूनही तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो गोड म्हणाला तर?"

त्यांनी पदर नीट केला. "तर मग पुढं इचारायचं सोडलं मी. तुमी दिवं मालवा."

मी दिवे मालवले. ती पेटी जांभळ्या उजेडातून गेली तेव्हा अक्काताई काचेला नाक लावून उभ्या होत्या. कच्चे मणी जास्तच हिरवे असतात. उजेडात ते पाण्याखालच्या गोट्यांसारखे दिसत होते. खोलीत पंख्याची घरघर आणि गवती चहाचा वास. अक्काताई अगदी बारीक आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या. मंत्र असेल, देवाचं नाव असेल, नाहीतर पोराशीच बोलणं असेल. मला वाटलं, माझ्या आयुष्यात मी इतक्या नळ्या पेटवल्या, लोकांची नावं उजळली, पण कुणी काचेला असं नाक लावून उभं राहिलं नव्हतं. पट्टा थांबला तरी मी दिवे लावायला जरा उशीरच केला.

विकास पेटी घेऊन गेला. आगगाडी, मग फौजेची गाडी, मग वर. मध्ये बरेच दिवस काहीच कळलं नाही. अक्काताई माल घालायला येत, माझ्या दाराशी उभ्या राहत, मी नजरेनं विचारी, त्या नकारार्थी मान हलवत आणि जात. मी आपला माझ्या स्टुलावर. उजेडात घड सरकत आणि मी त्यांना मनातल्या मनात बर्फावरून चालवत नेई. मी बर्फ बघितलेला नाही. माझ्या बर्फाचा रंगही जांभळाच असे.

एका रविवारी दुपारी अक्काताई धापा टाकत आल्या. संदीपनं निरोप दिला होता, की आज फोन करतो. मॅडमना प्रश्न विचारायचेत म्हणून त्या इथंच येऊन थांबल्या. मी मशीन बंद केलं. फोन मशीनच्या कपाळावर ठेवला, आवाज मोठा केला. फोन वाजला.

"आई?"

"बोल रं माझ्या राजा. पोचली का?"

पलीकडे वारा वाजत होता. अक्काताईंनी पदराचं टोक मुठीत धरलेलं.

"पोचली. विकासनं हातात दिली." मग जरा थांबून, "आई, ही कंच्या बाजूची तोडलीस गं?"

"का रं?"

"का म्हंजे? आंबट ढाण हायती! दात आंबलं सगळ्यांचं! कुनी तोडाय सांगितली एवढी कच्ची? साखर भरू दिऊ नये व्हय? बागंकडं बघतंय का कोन?"

अक्काताई हसायला लागल्या. पदरात तोंड घालून, खांदे गदगद हलवत. डोळ्यांतून पाणी. पलीकडून पोरगा बोलतोय, पाणी जास्त देताय का, घड विरळ केलं न्हाईत का, त्या मुकादमाला हाकला आधी. आणि ही बाई एकेक शिवी आशीर्वादासारखी झेलतेय. मी मॅडमकडे बघितलं. मॅडमचे डोळे भरलेले, पण हातात पेन तयार.

"संदीप, मी मृणाल. देठ कसे होते?"

"हिरवे होते मॅडम. एखादा मणी फुटलेला, बास. बाकी टणक. इथं सगळे बघत बसले. आंबट असली तरी खाल्ली आम्ही, एक ठेवलं नाही."

मॅडमनी अजून दोन-चार गोष्टी विचारल्या. त्यानं सगळ्यांची चोख उत्तरं दिली. काम झालं. मला वाटलं, आता नेहमीचं होईल, ठेवू का, ठेव. पण तो ठेवेना. वारा वाजत राहिला.

"आई," तो म्हणाला. आवाज बदललेला. "हितं लय थंडी हाय गं. सकाळी पायाची बोटं कळत न्हाईत. कवा कवा वाटतं, सगळं सोडून यावं."

अक्काताईंचं हसू थांबलं. मॅडमनी स्पीकर बंद करायला हात पुढं केला, मी दाराकडे वळलो. अक्काताईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या फोनवर वाकल्या.

"बोल बाळा. ऐकतीया मी."

तो बोलला. काय बोलला ते त्यांच्या घरचं आहे, ते मी इथं लिहिणार नाही. मी दारात उभा राहून पाठ फिरवली, तरी कानावर पडायचं ते पडलंच. शेवटी त्यानं विचारलं, "तू कशी हायस?"

अक्काताईंनी तोंड उघडलं. इतकी वर्षं जे सांगत आल्या ते ओठावर आलं असणार, कारण "मी ब..." एवढं मला ऐकू आलं. तिथंच त्या थांबल्या.

"गुडगा धरलाय माझा," त्या म्हणाल्या. "बागंत रोज जाववत न्हाई, म्हनून त्यो मुकादम ठेवलाय. आन सांजंला दोन ताटं घेती मी अजून, मग एक परत ठेवती."

पलीकडे वारा वाजत राहिला, आणि फोन दोन्हीकडून कुणीच ठेवला नाही.